‘धक्का’ नावाची कॅसेट

कर्जतहून घाट चढणाऱ्या प्रत्येक गाडीला मागून इंजिनं जोडतात. ती गाडीला रेटत लोणावळ्यापर्यंत नेतात आणि मग एकटीच खाली परत येतात. आमच्या कॅसेटचं नाव ‘धक्का’ पडलं ते यावरून. नाव काळूरामनं दिलं, गाणी काळूरामनं रचली आणि आवाजही काळूरामचाच होता. हे शेवटचं मी मुद्दाम सांगतो. आज आमच्या चौक गावच्या नाक्यावर दहा जणांना विचारलंत तर नऊ जण सांगतील, की तो आवाज मुंबईच्या कुणा गायकाचा होता आणि काळूराम नुसता तोंड हलवायचा.

लोक तसं म्हणतात त्याला मी जबाबदार आहे.

काळूराम आणि मी एकाच बौद्धवाडीतले, चौकपासून वीस मिनिटांच्या पायवाटेवरच्या. तो माझ्याहून चार महिन्यांनी मोठा. दोघंही रसायनीच्या एका केमिकल कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो होतो. मला गिटारचं वेड लागलं कर्जतच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये. गोव्याकडचे एक निवृत्त गार्ड तिथे दर रविवारी वाजवायचे. त्यांच्या मागे मागे हिंडून, त्यांच्या कोंबड्यांना कणी आणून देऊन मी शिकलो. तिथेच गजा भेटला. त्याचा बाप लोकोशेडमध्ये फिटर होता आणि हा इन्स्टिट्यूटचा जुना ड्रमसेट बडवत बसायचा. नागू ठाकूरवाडीचा, रेल्वेच्या गँगमनचा मुलगा. त्याची बोटं लांब आणि स्वभाव गप्प, म्हणून त्याच्या हातात बेस गिटार दिली. गायला काळूराम.

काळूराम लहानपणापासून विहारात गायचा. त्याचा आवाज गोड नव्हता. खाली खरखरीत आणि वर गेला की पत्र्यावर काहीतरी घासल्यासारखा. पण जयंतीच्या मिरवणुकीत लाऊडस्पीकर बंद पडला तरी शेवटच्या माणसाला त्याचे शब्द कळायचे.

चौकजवळ एक बंद पडलेली भाताची गिरणी होती, तिच्यात आमची तालीम चालायची. ड्रमवर गजानं रंगानं लिहिलं होतं : पाताळगंगा बीट ग्रुप. सुरुवातीला हळदीला बोलावलं की म्हातारी माणसं म्हणायची, “हे काय डबे बडवतायत, बँजो लावा.” दोनेक वर्षांत तीच माणसं आम्हाला खोपोलीपासून नेरळपर्यंत बोलवायला लागली. काळूरामचं एक गाणं सुरू झालं की मांडवातली पोरं खुर्च्या बाजूला सारायची :

मागनं धक्का दे रं दादा, चढण हाय लई मोठी,
घाट चढून गेली गाडी, आमी राहिलो पाठी.

त्र्याऐंशी साली कर्जतच्या एका लग्नात मुंबईच्या कॅसेट कंपनीचे एक शेठ आले होते. जेवण अर्धवट टाकून ते स्टेजपाशी येऊन उभे राहिले. दीड महिन्यानं आम्ही चौघं मुंबईला स्टुडिओत होतो.

दोन दिवसांत आठ गाणी केली. गजाच्या ड्रमवर गोधडी टाकली, मला एका कोपऱ्यात उभं केलं आणि काळूरामला काचेच्या खोलीत वेगळं बसवलं. त्याला त्या खोलीत जमेना. समोर माणसं नाहीत, आम्हीही काचेपलीकडे. पहिला अख्खा दिवस त्याच्या गाण्यात जीव आला नाही. शेठचा पुतण्या म्हणाला, आवाज जरा गोड करून गायला सांगा. रेकॉर्डिंगवर वर्तक नावाचे एक वृद्ध गृहस्थ होते. ते म्हणाले, “त्या आवाजाला कोपरे आहेत. ते घासू नका. त्याला बाहेर आणा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी काळूरामचा माईक आमच्यात आणून लावला, नुसता एक लाकडी पडदा मध्ये ठेवून. काळूरामनं डोळे मिटले, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि गायला. तो हात मला अजून आठवतो, कारण लयीत तो इतका दाबत होता की माझी तार चुकायची. वर्तकांनी मला खूण करून सांगितलं, तसाच राहू दे.

परत येताना गाडीत तो म्हणाला, “धर्मा, जया पोटुशी हाय. पोर झालं की पहिलं हेच ऐकवायचं त्याला.”

जया त्याची बायको. लग्नाला वर्षच झालं होतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, ऑगस्टमध्ये, आमची सकाळपाळी होती. अमोनियाच्या कॉम्प्रेसरच्या खोलीत गेजचे आकडे लिहून आणायला मी आत गेलो आणि पाठीमागे एक व्हॉल्व्ह फुटला. आवाज फार मोठा झाला नाही. पांढरी वाफ आली आणि डोळे आपोआप मिटले. ते परत उघडेनात. दार कुठल्या बाजूला ते कळेना. मी गुडघ्यावर बसलो, मग फरशीवर आडवा झालो. पाण्याची मोरी हाताला लागली म्हणून तिच्यात तोंड घातलं.

बाहेर माणसं पळत होती. काळूराम शेजारच्या शेडमध्ये होता. त्याला कुणीतरी सांगितलं, की धर्मा आत आहे. मास्क ऑफिसात कुलपात होते. त्यानं पाण्याच्या पिंपात गोणपाट बुडवलं, डोक्यावर घेतलं आणि आत आला. पण आत दिसत काही नव्हतं. मग त्यानं हाका मारायला सुरुवात केली.

“धर्मा. ए धर्मा. कुठं हायस रं?”

अमोनियात तोंड उघडायचं नसतं. हे आम्हाला कामावर घेतानाच शिकवलं होतं. त्याला ते माहीत होतं. हाका मारायच्या तर श्वास घ्यावा लागतो, आणि त्यानं पाच-सहा तरी हाका मारल्या. मला उत्तर देता येईना, पण आवाज कुठून येतो ते कळत होतं. त्या रोखानं मी सरपटत गेलो. त्याच्या हाताला माझी कॉलर लागली.

बाहेर आल्यावर मी ओकलो, तासभर नुसता खोकत राहिलो आणि बरा झालो. तो नळाखाली डोकं धरून बसला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला म्हणाला, “तुज्या आयला, किती जड हायस.” त्याच्या आवाजातलं मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य. दुपारी त्याचा गळा आतून सुजायला लागला. संध्याकाळी श्वास बंद व्हायच्या बेतात आला तेव्हा मुंबईच्या एका हॉस्पिटलात त्याच्या गळ्याला भोक पाडून नळी घातली.

चौथ्या दिवशी कारखान्याचा एक साहेब हॉस्पिटलात आला. सभ्य माणूस होता. जयासाठी फळं घेऊन आला होता. त्यानं टाइप केलेला एक कागद काढला. त्यावर लिहिलं होतं, की अमुक तारखेला कारखान्यात कुठलीही गळती झाली नाही, काळूरामला घशाचा जुना आजार होता, आणि माणुसकी म्हणून उपचाराचा खर्च कंपनी करील. खाली बायकोची सही आणि एका साक्षीदाराची.

जया सातवी शिकलेली होती. तिनं कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

“भावजी, यात तर खोटं लिवलंय.”

“हां.”

“मग?”

काचेतून आत काळूराम दिसत होता. नळीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी म्हणालो, “आधी माणूस वाचू दे, वैनी. कागदाचं मागनं बघू.”

तिनं सही केली. साक्षीदार म्हणून मी केली. मला अजून त्याच कारखान्यात कामाला जायचं होतं, हेही तेव्हा माझ्या मनात होतं.

दिवाळीच्या आधी कॅसेट बाजारात आली. काळूराम तेव्हाही हॉस्पिटलातच होता. नळी निघाली होती, पण स्वरयंत्राच्या पट्ट्या भाजून एकमेकींना चिकटल्या होत्या. डॉक्टरांनी दोनदा ऑपरेशन केलं. बोलायला गेला की नुसती हवा यायची, त्यातून शब्द ओळखायचे. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला एक ट्रक ड्रायव्हर होता. त्याच्या भावानं त्याच्यासाठी टेपरेकॉर्डर आणला आणि त्यात ‘धक्का’ लावली. मी त्या वेळी खाटेपाशी बसलो होतो. ड्रायव्हर खाटेच्या लोखंडावर बोटांनी ताल धरून काळूरामला म्हणाला, “काय गातो रे हा. फाडून टाकतो.”

काळूरामनं पूर्ण गाणं ऐकलं. संपल्यावर मला जवळ बोलावलं आणि कानात म्हणाला, “दुसऱ्या कडव्याला घाई झालीय.”

एवढंच. ड्रायव्हरला आम्ही काही सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात ‘धक्का’ सगळीकडे होती. चौकच्या प्रत्येक ढाब्यावर, गॅरेजमध्ये, खोपोलीच्या स्टँडवर, घाट चढणाऱ्या ट्रकांत. शेठचं पत्र आलं, की पुण्याकडून, नाशिककडून मागणी थांबत नाही, कॅसेटी भरून होत नाहीत, आता कार्यक्रम लावायचे. कव्हरवर आमचा फोटो होता, कर्जतच्या यार्डात इंजिनापुढे काढलेला, मध्ये काळूराम. लोक आम्हाला रस्त्यात ओळखायला लागले.

मी मुंबईला जाऊन शेठला खरं काय ते सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. मग म्हणाले, “चेहऱ्याला काही झालं नाही ना?”

त्यांची तोड अशी होती : काळूरामचा आवाज टेपच्या वेगळ्या पट्टीवर होता. वर्तक तो नुसता आवाज एका स्पूलवर उतरवून देतील. पडद्यामागे मशीन चालवायला पुतण्या बसेल. गजाच्या कानाला हेडफोन, त्यावरून तो ताल धरील. आम्ही खरं वाजवायचं आणि काळूरामनं माईकपुढे उभं राहायचं. वर्तकांनी स्पूल दिला, पण मला बाजूला घेऊन म्हणाले, “त्याला विचारलंत का?”

विचारायला मीच गेलो. काळूराम अंगणात बसला होता, गळ्याला रुमाल. जयाची पोरगी तेव्हा दोन महिन्यांची. बुधवारी झाली म्हणून बुधी म्हणायचे. ती त्याच्या मांडीवर होती. मी सगळं सांगितलं. गजानं नोकरी सोडलीय, नागूनं गँगची भरती सोडलीय, हेही सांगितलं. काळूराम पोरीच्या पायाला चोळत राहिला.

“आवाज माजाच हाय,” तो म्हणाला. “तोंडबी माजंच. मग फसवणूक कशी म्हणायची?”

“तेच मी म्हणतो.”

“तू म्हणतोस म्हणून मला खरं वाटंना,” तो म्हणाला. पण तो आला.

तीन हिवाळे आम्ही ते केलं. पनवेल, अलिबाग, नाशिक, सातारा. तो त्यात तरबेज झाला. कुठे श्वास घेतलाय, कुठे शब्द तोडलाय, सगळं त्याला पाठ होतं. मान मागे टाकायचा, गळ्याच्या शिरा फुगवायचा. पहिल्या रांगेतल्यालासुद्धा कळायचं नाही. कार्यक्रम संपल्यावर लोक भेटायला यायचे. मी पुढे होऊन सांगायचो, “आवाजाला विश्रांती सांगितलीय.” काळूराम हात जोडायचा. लोक म्हणायचे, गर्व झालाय, बोलत नाही.

घरी परतताना तो टेम्पोत मागे ड्रमच्या पेट्यांवर बसायचा. एकदा नागू म्हणाला, “दादा, पुढं बस की.” तो हवेच्या आवाजात म्हणाला, “पुढं टेप लावतात.”

जयानं घरात ती कॅसेट कधी लावली नाही. पण नाक्यावर भाजी घ्यायला गेली की ढाब्याबाहेर उभी राहायची, गाणं संपेपर्यंत. मी एकदा पाहिलं तेव्हा तिनं पदर डोळ्याला नव्हता लावला, काही नाही. नुसती उभी होती, पिशवी दोन्ही हातांनी धरून. मी हाक मारली तशी म्हणाली, “भावजी, घरी सांगू नका.”

बुधी तीन वर्षांची झाली तेव्हा बालवाडीच्या मोतीबाई घरी आल्या. त्यांनी जयाला विचारलं, पोरीच्या घशाला काही आहे का? ती मोठ्यानं बोलतच नाही. पडली तरी हळू रडते. प्रार्थना म्हणते तीसुद्धा कानात सांगितल्यासारखी. जयानं तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, बोल बाळा, मोठ्यानं बोल. बुधी बापाकडे बघून तसंच बोलली, नुसत्या हवेनं. घशाला काही झालेलं नव्हतं. बापाच्या अंगाखांद्यावर ती बोलायला शिकली होती आणि बोलायचं असंच असतं अशी तिची समजूत होती.

काळूराम उठून गिरणीकडे निघून गेला. मी मागे गेलो. तो बंद गिरणीच्या जोत्यावर बसला होता.

“मी तिला बिघडवली,” तो म्हणाला.

“लहान हाय. शिकंल.”

“तिला एकदा कार्यक्रमाला आणायची. तिला कळू दे तिचा बाप गायचा.”

मला ते बरं वाटलं नाही, पण मी नको म्हणालो नाही.

सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत खालापूरला मैदानात कार्यक्रम होता. आमच्याच तालुक्यातला, म्हणून गर्दी फार. आमची वाडी सगळी आली होती. जया पहिल्या रांगेत बुधीला मांडीवर घेऊन बसली. दोन गाणी झाली आणि ‘धक्का’ सुरू झालं. लोक उभे राहिले. काळूरामनं मान मागे टाकली, तोंड उघडलं, आणि मोठ्या कर्ण्यांतून तो आवाज आला.

मी बुधीकडे बघत होतो. ती आधी स्टेजकडे बघून हसली. मग आवाज कुठून येतोय ते तिला कळलं. बापाच्या तोंडातून कुणी दुसरंच बोलतंय असं तिला वाटलं असावं. ती घाबरली. ती जयाच्या गळ्याला बिलगली आणि किंचाळली. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं. एवढ्या आवाजात आम्हाला ते ऐकू आलं नाही, पण तिचा उघडा जबडा दिसला.

काळूरामनं ते पाहिलं आणि तोंड मिटलं.

चूक नव्हती ती. त्यानं हात खाली घेतले, माईकपासून एक पाऊल मागे सरला आणि ओठ घट्ट मिटून सरळ उभा राहिला. गाणं चालूच होतं. घाट चढून गेली गाडी. पुतण्याला पडद्यामागून काही दिसत नव्हतं. गजा कानाला हेडफोन लावून खाली मान घालून वाजवत होता. मी थांबलो, नागू थांबला. मग गजा थांबला. वाद्यं सगळी बंद आणि नुसता त्याचा एकट्याचा आवाज मैदानभर गात होता, आणि तो आमच्या पुढ्यात ओठ मिटून उभा.

एक कडवं तसं गेलं. मग मागून पहिली चप्पल आली.

गजाच्या भुवईला सहा टाके पडले. ड्रम फुटले. काळूराम पळाला नाही. गर्दी स्टेजवर चढली तेव्हा मी आणि नागूनं त्याला उचलून मागच्या बाजूनं नेलं. जया पोरीला पोटाशी धरून मामलेदार कचेरीच्या भिंतीला चिकटून उभी होती.

त्यानंतर जी गोष्ट पसरली ती आम्हाला आवरता आली नाही. लोक म्हणायला लागले, काळूराम कधी गायलाच नाही. आवाज मुंबईच्या गायकाचा, शेठनं ह्याला नुसता फोटोला उभा केला. ज्यांनी त्याला मिरवणुकीत ऐकलं होतं तेही म्हणायला लागले, “तवा तो निराळा आवाज होता, हा निराळा.” एक जण तर मला पटवून सांगायला लागला की त्या गायकाला त्यानं दादरला पाहिलंय. शेठनी काही खुलासा केला नाही. ‘धक्का’ परत छापली तेव्हा कव्हरवर आमचा फोटो नव्हता, नुसतं घाटाचं चित्र होतं आणि गायकाचं नावच नव्हतं. ती आवृत्तीही संपली.

त्यावर एकच उत्तर होतं. आवाज कधी गेला आणि कशानं गेला ते सांगणं. पण कागदावर जुना आजार होता आणि खाली माझी सही. भोपाळ झाल्यापासून कारखान्यात गळती हा शब्द काढायची चोरी होती. मी तोवर ऑपरेटर झालो होतो.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये काळूराम माझ्या घरी आला. त्याला आता वीस पावलं चाललं तरी धाप लागायची. पाणी प्यायला आणि म्हणाला, “धर्मा, एक काम कर. विहारात रविवारी सगळी जमतात. तिथं उभा राहून सांग, काय झालं ते. मी सांगितलं तर कुणाला ऐकू जायाचं नाय.”

“सांगतो.”

“कारखान्याचं जे व्हायाचं ते होईल.”

“सांगतो म्हटलं ना.”

“या रविवारी?”

“एवढी माझ्या पोराची शाळा लागू दे,” मी म्हणालो. “जूनमधे सांगतो.”

त्यानं मान डोलावली. परत कधी विषय काढला नाही. रविवारी विहारात मला बघायचा आणि नजर दुसरीकडे वळवायचा. जून गेला. जुलैत पावसाची झड लागली आणि त्याच्या छातीत कफ साचला. ज्या छातीनं ती वाफ ओढली होती तिच्यात तो काढायची ताकद उरली नव्हती. पाच दिवसांत संपला. वय तेहतीस.

पुण्यानुमोदनाला विहार भरला होता. वंदना झाली. एकेक जण उठून चार शब्द बोलला. सगळे म्हणाले, स्वभावानं चांगला होता. गाण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, त्याची लाज झाकल्यासारखं. मग मी उठलो. वाफेपासून सुरुवात केली आणि कागदापर्यंत सगळं सांगितलं. त्यानं मारलेल्या हाका सांगितल्या. सही माझी होती ते सांगितलं. मार्चमध्ये तो घरी आला होता तेही सांगितलं.

माझ्या चुलत्यांपैकी सर्वांत वडील, नव्वदीला टेकलेले धाऊबाबा, भिंतीचा आधार घेऊन उठले.

“पोरा, ह्ये आज सांगतोस?”

मी उभाच राहिलो.

“त्याच्या तोंडावर लोक थुंकले, तवा तू हुतास ना तिथं?”

“हां बाबा, होतो.”

ते परत बसले. जया बायकांत बसली होती. ती उठली, बुधीचा हात धरला आणि माझ्यासमोर येऊन थांबली. चेहरा कोरडा होता.

“भावजी, ह्ये तुमी सांगितलं ते बरं केलं,” ती म्हणाली. “आता आमच्या दारात येऊ नका.”

“वैनी,”

“नका येऊ.”

ती पोरीला घेऊन बाहेर पडली. पुढच्या महिन्यात ती कर्जतला तिच्या भावाकडे राहायला गेली. मी तिच्या दारात गेलो नाही. गजा जातो. तो सांगतो ते मी ऐकून घेतो.

विहारात शंभरावर माणसं होती, त्यातली निम्मी आमच्याच कारखान्यातली. सोमवारी सकाळी मी पाळीला गेलो तेव्हा गेटवरच्या वॉचमननं माझं कार्ड ठेवून घेतलं आणि म्हणाला, “तुम्हाला आत सोडायचं नाही असं सांगितलंय. चिठ्ठी घरी येईल.” तो माझ्या ओळखीचा होता. माझ्याकडे न बघता बोलत होता.

मी बाजूला झालो. पाळीची माणसं डबे घेऊन आत जात होती. बऱ्याच जणांनी मला पाहून न पाहिल्यासारखं केलं. कॉम्प्रेसरवरचे दोघे, एक हिरू आणि दुसरा नुकताच लागलेला, माझ्यापाशी थांबले. हिरूनं इकडेतिकडे पाहिलं.

“धर्माजी, मास्क खरंच कुलपात होते?”

“होते.”

“आताबी कुलपातच हायेत,” तो म्हणाला. “आणि दोन नंबरच्या व्हॉल्व्हला चार दिस झाले, वास येतोय.”

“मग आत जाऊ नका.”

दुसऱ्यानं हिरूकडे पाहिलं. हिरूनं डबा या हातातून त्या हातात घेतला. भोंगा झाला. वॉचमन गेट ओढायला लागला तसे ते दोघे घाईघाईनं आत गेले.